प्रबंधाच्या नियमावलीत फॉन्टचे नुसते नाव पुरत नाही

प्रति,
राज्यातील विद्यापीठांचे संशोधन विभाग आणि प्रबंध-नियमावली ठरवणाऱ्या समित्या

सन्माननीय सदस्यहो,

मराठीतून लिहिल्या जाणाऱ्या पीएच.डी. प्रबंधांच्या नियमावलीत साधारण या आशयाचे एक वाक्य असते: ‘प्रबंध युनिकोडमध्ये, मंगल फॉन्ट, आकार १४, दीड ओळ अंतर, ए-४ कागदावर असावा.’ वाचताना सगळे ठरवून दिल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात या वाक्यातली कागदाची मापे सोडली तर काहीच पक्के होत नाही. तीच फाइल विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर एका पानसंख्येची असते, मार्गदर्शकांच्या संगणकावर दुसऱ्या आणि छपाईच्या दुकानात तिसऱ्या. मग अनुक्रमणिकेत प्रकरण चौथे पान ११२ वर, तर प्रबंधात ते ११६ वर. आपल्या कार्यालयातून ‘पृष्ठक्रमांक जुळत नाहीत’ असा शेरा येतो आणि विद्यार्थी सगळ्या प्रती पुन्हा छापून, पुन्हा बांधून आणतो.

आम्ही प्रबंधांची अक्षरजुळणी, मांडणी, छपाई आणि बांधणी करणारे लोक. हा गोंधळ विद्यार्थ्याच्या हलगर्जीमुळे होतो असे मानले जाते. बहुतेक वेळा तो नियमातच असतो. म्हणून नियमावलीतली काही वाक्ये बदलावीत, अशी विनंती कारणांसह करत आहोत.

मूळ मुद्दा असा की वर्डची फाइल म्हणजे छापलेले पान नव्हे. तिच्यात मजकूर असतो आणि तो कसा मांडायचा याच्या सूचना असतात. ओळ कुठे तुटेल, पानावर किती ओळी बसतील, हे प्रत्येक संगणक फाइल उघडताना नव्याने ठरवतो, आणि ते स्वतःजवळ असलेल्या फॉन्टवरून ठरवतो. फाइलमध्ये फॉन्टचे फक्त नाव असते. त्या नावाचा फॉन्ट संगणकावर नसला तर वर्ड दुसरा कुठला तरी लावते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. फॉन्टच्या चौकटीत नाव मात्र ‘मंगल’च दिसत राहते.

मंगलचेच उदाहरण घेऊ, कारण नियमावल्यांचा भर त्याच्यावर आहे. विंडोज २००० पासून हा फॉन्ट विंडोजबरोबर येत असे आणि विंडोज ७ पर्यंत तो सगळीकडे असणार हे गृहीत धरता येत होते. विंडोज ८ पासून देवनागरीसाठी निर्मला यूआय हा मुख्य फॉन्ट झाला आणि विंडोज १० मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ नावाच्या ऐच्छिक गाठोड्यात गेले. ज्या संगणकावर मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली आहे तिथे हे गाठोडे आपोआप उतरते. जिथे फक्त इंग्रजी आहे तिथे नसते. म्हणजे दोन्ही संगणकांवर एकच विंडोज, तरी एकावर मंगल आहे आणि दुसऱ्यावर त्याच्या जागी निर्मला. दोघांची अक्षररुंदी वेगळी, ओळीची उंची वेगळी. दोनशे पानांच्या प्रबंधात हा फरक साचत साचत शेवटच्या प्रकरणापर्यंत कित्येक पानांवर जातो.

हे तपासायची सोय वर्डमध्येच आहे, फक्त ती फार कुणाला ठाऊक नाही. फाइल उघडून फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असे जावे. तिथे ‘शो डॉक्युमेंट कन्टेन्ट’ या भागात ‘फॉन्ट सबस्टिट्यूशन’ असे बटण आहे. ते दाबल्यावर एक तर ‘सर्व फॉन्ट उपलब्ध आहेत’ असा संदेश येतो, नाही तर कोणत्या फॉन्टच्या जागी कोणता लावला आहे याची यादी येते. प्रबंध स्वीकारणाऱ्या खिडकीवर एवढी एक तपासणी झाली तरी निम्मे वाद तिथेच मिटतील. मंगल नसल्याचे दिसले तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ते गाठोडे जोडता येते. दुसऱ्या संगणकावरून मंगलची फाइल उचलून आणू नये. तो विंडोजच्या परवान्याबरोबर येणारा फॉन्ट आहे, वाटण्यासाठी नाही.

आता आकाराकडे वळू. ‘आकार १४’ हे वर्डला अपुरे पडते, कारण वर्ड एकाच मजकुरासाठी दोन फॉन्ट आणि दोन आकार धरून ठेवते: एक रोमन लिपीसाठी, दुसरा ज्यांना ते ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ म्हणते अशा लिप्यांसाठी. देवनागरी या दुसऱ्या गटात. कंट्रोल-डी दाबून उघडणाऱ्या खिडकीत हे दोन्ही भाग वेगवेगळे दिसतात. एखादी मराठी किंवा हिंदीसारखी भाषा ऑफिसमध्ये जोडलेली नसेल तर दुसरा भाग दिसतच नाही, मात्र फाइलमध्ये तो असतोच. म्हणून मराठी मजकूर १४ चा आणि त्याच ओळीतले इंग्रजी शब्द ११ चे, किंवा ठळक केल्यावर इंग्रजी ठळक आणि मराठी साधे, असे प्रकार होतात. नमुना फाइल बनवताना दोन्ही भाग भरलेच पाहिजेत. त्या खिडकीत फॉन्टच्या जागी ‘+बॉडी सीएस’ असे दिसत असेल तर तेही धोक्याचे. याचा अर्थ फॉन्ट थीमवरून येतो आहे. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरीसाठी मंगल लिहिलेला असतो, त्यामुळे गाडी पुन्हा मंगलच्या गैरहजेरीपाशी येते. रोमन भागातही हेच. ऑफिसचा मूळ फॉन्ट २००७ पासून कॅलिब्री होता, आता नव्या आवृत्त्यांत ॲप्टॉस आहे आणि तो जुन्या ऑफिसमध्ये नसतो. फॉन्टचे नाव स्पष्ट लिहावे, थीमवर सोडू नये.

‘दीड ओळ अंतर’ या शब्दांनी सगळ्यांत जास्त नुकसान केले आहे, म्हणून त्यावर जरा थांबू.

वर्डमधले दीड ओळ अंतर म्हणजे फॉन्टच्या स्वतःच्या ओळ-उंचीची दीडपट. ही उंची फॉन्ट बनवणारा ठरवतो. मंगलची उंची टाइम्स न्यू रोमनपेक्षा बरीच जास्त आहे, निर्मलाची आणखी वेगळी. त्यातही एका ओळीत दोन फॉन्ट असले तर उंच फॉन्ट ओळीची उंची ठरवतो. त्यामुळे निव्वळ इंग्रजी संदर्भसूचीच्या ओळी दाट आणि मराठी मजकुराच्या विरळ दिसतात. नियम सारखाच पाळलेला असतो, पान मात्र सारखे दिसत नाही.

यावर उपाय आहे तो ‘एक्झॅक्टली’ या पर्यायाचा. परिच्छेदाच्या मांडणीत ‘लाइन स्पेसिंग’पुढे एक्झॅक्टली निवडून २४ पॉइंट लिहिले की फॉन्ट कोणताही लागो, ओळीपासून ओळीचे अंतर २४ पॉइंटच राहते. हिशेब सोपा आहे. ए-४ ची उंची २९७ मिलिमीटर. वर-खाली २५-२५ मिलिमीटर समास सोडले तर २४७ मिलिमीटर उरतात, म्हणजे ७०० पॉइंट (एका इंचाचे ७२ पॉइंट). त्यात २४ पॉइंटच्या २९ ओळी बसतात. ओळींची संख्या अशी बांधली गेली की फॉन्ट बदलल्यावर फक्त ओळीतले शब्द पुढे-मागे होतात, पानाचा उभा हिशेब शाबूत राहतो. दर पानाला एक ओळ कमी बसली तर काय होते तेही पाहावे: २९ ऐवजी २८ ओळी बसल्या की २०० पानांचा प्रबंध २०७ पानांच्या वर जातो.

या पर्यायाला दोन अटी आहेत. पहिली, अंतर फार कमी ठेवू नये. १४ पॉइंटच्या देवनागरीला १६-१७ पॉइंट दिले तर रफार, अनुस्वार, दीर्घ वेलांटीचे वरचे टोक कापले जाते, उकार खालच्या ओळीत घुसतात. मजकुराला २४ आणि १० पॉइंटच्या पायटिपांना १६ हे प्रमाण सुरक्षित आहे. दुसरी अट विसरल्याने पुष्कळ फजिती होते. एक्झॅक्टली दिलेल्या परिच्छेदात चित्र किंवा आलेख ओळीतच ठेवला तर त्याची फक्त २४ पॉइंट उंचीची पट्टी दिसते आणि बाकीचे चित्र गायब. चित्र खरे तर तिथेच असते. त्या एका परिच्छेदाला ‘सिंगल’ अंतर दिले की ते पूर्ण दिसते. गणिती सूत्रांनाही हेच लागू.

बाकीच्या मांडणीतल्या सवयी थोडक्यात: नवे प्रकरण एंटर दाबत दाबत पुढच्या पानावर नेऊ नये, कंट्रोल-एंटर वापरावे. मजकूर स्पेस मारून सरळ रेषेत आणू नये, टॅब किंवा तक्ता वापरावा. शीर्षकांना हेडिंग स्टाइल द्यावी आणि अनुक्रमणिका वर्डकडूनच काढून घ्यावी. तक्त्यांच्या ओळींना ‘अलाउ रो टु ब्रेक अक्रॉस पेजेस’ बंद करावे. आणि फाइलच्या नावाशेजारी ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ दिसत असेल तर फाइल, इन्फोमध्ये जाऊन ‘कन्व्हर्ट’ करावे. जुन्या आवृत्तीची मांडणी-पद्धत फाइलला चिकटून राहते आणि तिने पाने वेगळी तुटतात. हे रूपांतर प्रबंधाच्या सुरुवातीला करावे. शेवटच्या आठवड्यात केले तर पुन्हा सगळी पाने पाहावी लागतात.

युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या, आग्रहाबद्दल आपले अभिनंदनच करायला हवे, पण तो आग्रह का आहे हे नियमावलीत लिहिलेले नसते, म्हणून त्याला बगल दिली जाते. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, आकृती या जुन्या पद्धतींत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. पडद्यावर ‘क’ दिसतो, फाइलमध्ये मात्र एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असते. फॉन्ट नसला की पानभर अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसतात, हे सर्वांनी पाहिले आहे. कमी लोकांच्या लक्षात येते ते असे की फॉन्ट असूनही मजकूर बिघडतो. वर्डची ऑटोकरेक्ट सोय या मजकुराला इंग्रजी समजते. ती वाक्याचे पहिले अक्षर मोठे करते, सरळ अवतरणचिन्ह वळणदार करते. त्या जागी तर मराठी अक्षर किंवा त्याचा तुकडा असतो. मग शब्दाच्या मधोमध भलतेच अक्षर उगवते आणि मुद्रितशोधनात ते ‘टंकदोष’ म्हणून नोंदले जाते. जुन्या फॉन्टमध्येच काम करायचे असेल तर ऑटोकरेक्टचे सगळे पर्याय आधी बंद करावेत.

यूजीसीच्या २०१६ आणि २०२२ च्या पीएच.डी. विनियमांप्रमाणे प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे जाते आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात ठेवली जाते. जुन्या फॉन्टमधला प्रबंध तिथे डोळ्यांना मराठी दिसतो, पण त्यात ‘संत’ हा शब्द शोधला तर सापडत नाही. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो इंग्रजी अक्षरांचा ढीग वाटतो, म्हणजे युनिकोडमधल्या कुठल्याही मजकुराशी तो जुळणारच नाही. अशा प्रबंधाचा कमी टक्केवारीचा अहवाल कशाचाही पुरावा नाही, हे समित्यांनी ध्यानात घ्यावे.

युनिकोडमध्येही सगळे सुरळीत असते असे नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले आणि रुपयाचे ₹ चिन्ह २०१० साली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ही दोन्ही नाहीत. तिथे चौकोन दिसतो किंवा तेवढे एकच अक्षर दुसऱ्या फॉन्टचे येते. ‘ॲरिस्टॉटल’मधला ‘ॲ’ बाकीच्या शब्दापेक्षा जाड किंवा बारीक दिसला तर कारण हे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा ‘र’ आणि हलन्तानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. दुसऱ्या प्रकारातले ते चिन्ह ऑनलाइन फॉर्ममध्ये चिकटवताना किंवा मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या सोयीतून जाताना गळून पडू शकते. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. पहिला प्रकारच वापरावा.

पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठीचे. हिंदीत त्यांची रूपे वेगळी. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे आहेत आणि मजकुरावर कोणत्या भाषेची खूण आहे ते पाहून रूप निवडले जाते. खूण मराठीची असेल तर मराठी ल, हिंदीची असेल तर हिंदी ल. ही खूण कीबोर्डवरून लागते. अर्धा प्रबंध मराठी कीबोर्डवर आणि अर्धा हिंदी कीबोर्डवर टाइप केला तर एकाच पानावर दोन तऱ्हेचे ल दिसतात. शिवाय काही सॉफ्टवेअर ही खूण वाचते (लिबरऑफिस वाचते), काही तिच्याकडे दुर्लक्ष करते, म्हणून सॉफ्टवेअर बदलले तरी ल बदलतो. सगळा मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’मधल्या ‘लँग्वेज’मध्ये मराठी लावावी, किंवा ज्यात मराठी रूपे हीच मूळ रूपे आहेत असा फॉन्ट घ्यावा.

मग फॉन्ट कोणता घ्यावा? आमचे मत आहे की देवनागरीसाठी विंडोजबरोबर येणाऱ्या फॉन्टवर नियम बांधूच नये. मुक्त परवान्याचा एक फॉन्ट निवडावा, त्याची फाइल विद्यापीठाने नमुना फाइलीबरोबर स्वतः द्यावी आणि नियमात आवृत्ती क्रमांकासह त्याचा उल्लेख करावा. पर्याय आहेत: नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सेरिफ देवनागरी, ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, टिरो देवनागरी मराठी. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोवेणू आणि यशोमुद्रा हेही आहेत. टिरो वाचायला सुंदर आहे आणि त्यात मराठी रूपे आपोआप येतात, पण त्याला ठळक वजन (अक्षराच्या जाडीचा वेगळा प्रकार) नाही. साधा आणि तिरपा एवढेच. ठळक केले की वर्ड त्याच अक्षराला रंग चोपडून जाड करते आणि जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. ज्या प्रबंधात चार पातळ्यांची शीर्षके ठळक हवीत त्याला तो चालणार नाही. नोटो आणि मुक्तमध्ये वजने भरपूर आहेत. आमचा कौल नोटो सेरिफ देवनागरीला, साध्या आणि ठळक अशा दोनच वजनांत.

गूगलच्या फॉन्ट-संग्रहातून नोटो उतरवला की गाठोड्यात सगळी वजने एकत्र असलेली एक ‘व्हेरिएबल’ फाइल आणि ‘स्टॅटिक’ नावाचा फोल्डर असतो. व्हेरिएबल फाइल वर्डमध्ये बेभरवशाची आहे, पीडीएफ काढताना वजने चुकू शकतात. स्टॅटिक फोल्डरमधल्या रेग्युलर आणि बोल्ड या दोनच फाइली बसवाव्यात. बसवताना फाइलवर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडावे. नुसते ‘इन्स्टॉल’ केले तर अलीकडच्या विंडोजमध्ये तो फॉन्ट त्या एकाच खात्यापुरता बसतो आणि काही सॉफ्टवेअरना सापडत नाही.

वर्डच्या फाइलीतच फॉन्ट भरून देण्याची सोयही आहे: फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, आणि तिथे ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’. तिच्याखालच्या दोन चौकटींपैकी ‘फक्त वापरलेली अक्षरे भरा’ ही खूण काढावी, नाही तर मार्गदर्शकांना दुरुस्ती करताना नवे अक्षर मिळत नाही. ‘नेहमीचे सिस्टीम फॉन्ट भरू नका’ हीही खूण काढावी. प्रत्येक फॉन्ट असा भरता येतोच असे नाही. बनवणाऱ्याने बंदी घातलेली असू शकते. फॉन्टच्या फाइलीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स इथे ‘फॉन्ट एम्बेडेबिलिटी’पुढे काय लिहिले आहे ते पाहावे. ‘इन्स्टॉलेबल’ किंवा ‘एडिटेबल’ असेल तर ठीक, ‘रिस्ट्रिक्टेड’ असेल तर नाही. पोस्टस्क्रिप्ट पद्धतीच्या ओटीएफ फाइली वर्ड भरतच नाही, टीटीएफ घ्याव्यात. लिबरऑफिसमध्ये हीच सोय फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट इथे आहे. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यात फाइल जाते-येते तोवर ही सोय उपयोगाची. छपाईसाठी मात्र तिच्यावर विसंबू नये.

छपाई पीडीएफवरूनच व्हावी, ही आमची मुख्य मागणी. पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते आणि फॉन्ट आत भरलेला असतो, म्हणून पान पुन्हा मांडले जात नाही. पण ‘पीडीएफ आहे’ एवढे पुरेसे नाही. वर्डच्या ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडल्यावर ‘ऑप्शन्स’ बटण दाबून ‘पीडीएफ/ए’च्या चौकटीत खूण करावी. हा आयएसओ १९००५ या मानकाचा प्रकार आहे आणि त्यात सगळे फॉन्ट भरलेले असणे सक्तीचे आहे. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टु पीडीएफ’ने काढू नये, त्यात अनुक्रमणिकेच्या लिंक आणि बुकमार्क जातात. तपासणी अशी: ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबावे, ‘फॉन्ट्स’ पान पाहावे. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असलेच पाहिजे. एकाही नावापुढे ते नसेल तर फाइल परत करावी. याला अर्धा मिनिट लागतो. आणि यादीत न ठरवलेला फॉन्ट दिसला, समजा निर्मला, तर तो कुठल्या तरी तक्त्यातून किंवा एक्सेलमधून चिकटवलेल्या आलेखातून आलेला असतो.

पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला तर ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे विस्कटू शकतात, कारण पीडीएफ अक्षरांची चित्रे साठवते आणि त्यांचा क्रम दिसण्याप्रमाणे असतो. म्हणून साम्यतपासणीसाठी वर्डची फाइलही मागावी आणि छपाई व संग्रहासाठी पीडीएफ. दोन कामांना दोन फाइली, त्यांची अदलाबदल नको.

आता प्रिंटर. बरोबर पीडीएफ चुकीच्या आकारात छापली जाते ती मुख्यतः एका खटक्यामुळे. ॲक्रोबॅटच्या छपाईच्या खिडकीत ‘फिट’, ‘ॲक्चुअल साइज’ आणि ‘श्रिंक ओव्हरसाइज्ड पेजेस’ असे पर्याय आहेत. प्रबंधासाठी फक्त ‘ॲक्चुअल साइज’. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागद लेटर राहिला असेल आणि ‘फिट’ निवडलेले असेल तर ए-४ चे पान साधारण ९४ टक्के होऊन छापले जाते, कारण लेटर हा कागद २७९.४ मिलिमीटरच उंच आहे. विंडोजचा प्रदेश युनायटेड स्टेट्स राहिला असेल तर लेटरच गृहीत धरला जातो. वर्डमध्येही ‘स्केल कन्टेन्ट फॉर ए-४’ अशी चौकट सुरुवातीपासून खूण केलेली असते, ती काढावी. आकुंचलेले पान नुसत्या डोळ्यांना कळत नाही. बांधणीला मात्र कळते: डावीकडचा ४० मिलिमीटरचा समास बदलतो.

म्हणून नमुना फाइलीच्या शेवटच्या पानावर बरोबर १०० मिलिमीटर लांबीची एक आडवी रेषा ठेवावी. छापल्यावर पट्टीने मोजायची. १०० भरली तर छपाई बरोबर, ९४ भरली तर पान आकुंचले आहे. ते पान बांधणीआधी काढून टाकायचे. बारा रुपयांच्या पट्टीने होणारी तपासणी आहे.

वर्डवरून थेट छापण्याची वेळ आलीच तर दोन ठिकाणी पाहावे. फाइलमध्ये मार्गदर्शकांचे शेरे किंवा ट्रॅक चेंजेस राहिले असतील तर ‘प्रिंट मार्कअप’मुळे शेऱ्यांना जागा करण्यासाठी सगळे पान लहान होते. आणि ऑप्शन्समधल्या डिस्प्ले भागात ‘अपडेट फील्ड्स बिफोर प्रिंटिंग’ चालू असेल तर दुकानातल्या संगणकाच्या फॉन्टप्रमाणे अनुक्रमणिका त्या क्षणी बदलते, विद्यार्थ्याने घरी तपासलेली जाते. काही प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरवर टाइम्स न्यू रोमनच्या जागी स्वतःच्या पोटातला फॉन्ट वापरतात. ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड भागात ट्रूटाइपसाठी ‘डाउनलोड ॲज सॉफ्टफॉन्ट’ निवडले की हे थांबते. एखाद्या पानावर मात्रा गळत असतील तर ॲक्रोबॅटमध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ करून तेवढेच पान काढावे. हळू निघते, पण जसे दिसते तसे निघते.

मुखपृष्ठ बहुधा कोरलड्रॉमध्ये होते. तिथे कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांच्या रेषा करून घेतल्या की फॉन्टचा प्रश्न उरत नाही. मूळ फाइल वेगळी जपावी, कारण रेषा झाल्यावर नावातली चूक दुरुस्त करता येत नाही.

हे सगळे धरून नियमावलीत पुढील मजकूर घ्यावा, अशी सूचना आहे:

‘प्रबंध विद्यापीठाने दिलेल्या नमुना फाइलीतच लिहावा. देवनागरी मजकूर नोटो सेरिफ देवनागरी, १४ पॉइंट. रोमन मजकूर टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट. नमुन्यासोबत दिलेली देवनागरी फॉन्ट-फाइलच वापरावी. ओळ-अंतर एक्झॅक्टली २४ पॉइंट, पायटिपा १० पॉइंट, अंतर १६ पॉइंट. पान ए-४, समास डावा ४०, उजवा, वरचा व खालचा २५ मिलिमीटर. मजकुराची भाषा मराठी लावलेली असावी. छापील प्रती पीडीएफ/ए फाइलीवरून, ॲक्चुअल साइजमध्ये काढाव्यात. पीडीएफमधील सर्व फॉन्ट एम्बेडेड असावेत. पीडीएफ आणि वर्ड अशा दोन्ही फाइली प्रबंधासोबत सादर कराव्यात. पृष्ठक्रमांकांची पडताळणी पीडीएफवरून केली जाईल.’

शेवटचे वाक्य सोडू नये. आपल्या कार्यालयात वर्डची फाइल उघडून पाने मोजली गेली तर वरचे सगळे पाळूनही विद्यार्थी पुन्हा अडकेल, कारण ती पाने आपल्या संगणकाने मांडलेली असतील. पाठपोट छपाईला परवानगी द्यायची असेल तर समासांना ‘मिरर मार्जिन्स’ जोडावे आणि प्रिंटरवर ‘फ्लिप ऑन लाँग एज’ असे लिहावे. नाही तर डावीकडचा रुंद समास मागच्या बाजूला उजवीकडे जायचा तो जात नाही.

एक प्रश्न उरतो तो आधीच श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये निम्मा प्रबंध झालेल्यांचा. त्यांना रूपांतर सक्तीचे करायचे असेल तर वेळ द्यावा. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांतून निघालेला मजकूर ओळीने वाचावाच लागतो. चुका ठरावीक ठिकाणी होतात: रफार एक अक्षर अलीकडे-पलीकडे सरकतो, अर्धा र साधा होतो, ‘ङ’ आणि ‘ज्ञ’ बिघडतात, अवतरणचिन्हांच्या जागी अक्षरे येतात, आणि मजकुरातले खरे इंग्रजी शब्द साधनाला मराठी वाटून त्यांचेही देवनागरीत भलतेच काही होते. इंग्रजी शब्द आधी वेगळ्या रंगाने खुणावून बाजूला ठेवावे लागतात. ज्यांचे लेखन बरेच पुढे गेले आहे त्यांच्याकडून निदान सारांश, अनुक्रमणिका आणि संदर्भसूची युनिकोडमध्ये घ्यावी आणि बाकीचा प्रबंध फॉन्ट भरलेल्या पीडीएफमध्ये स्वीकारावा. नव्या नोंदणीला मात्र ही सूट नको. नमुना फाइल आणि फॉन्ट नोंदणीच्या दिवशीच हातात द्यावेत.

आपले,
प्रबंधांची अक्षरजुळणी, छपाई आणि बांधणी करणारे